मदत हवी आहे: गावरान कोंबडी नव्या तलंगांना दाणा खाऊ देत नाही

भाऊ-ताईंनो, आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. घरामागच्या सांदवाडीत गावरान कोंबड्या आहेत, त्यांत नुकत्याच गिरिराजा जातीच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, सोडल्या. गावरानातली काळी म्हणजे पाटलीणच! ज्वारीची चुरी टाकली की पहिली चोच तिची. दुसरी कोणी वाकली की डोक्यावर टोचा. कोणाचा मान पहिला हे ठरेपर्यंत कोंबड्या भांडतात हे ठाऊक आहे, पण ही थांबतच नाही. एका तलंगीच्या तुऱ्यातून रक्त आलं, ते लाल पाहून बाकीच्याही तिथंच टोचत सुटल्या. तिला हळद लावून टोपल्याखाली झाकलंय. गिरिराजा अंगानं दांडग्या, पण स्वभावानं अगदीच गरीब. कुटाराच्या ढिगाआड उभ्या राहतात. तांबडी खुडूक म्हणजे उबवायला बसलीय, ती कोणाच्या अध्यात ना मध्यात.

काळी विकायला मन होत नाही, घार दिसली की पहिली ओरड तिचीच असते. तिलाच काही दिवस वेगळं कोंडलं तर रुबाब उतरतो का? की तलंगांना जाळीआड ठेवून आधी ओळख होऊ द्यावी? दाणा दोन-तीन ठिकाणी टाकून कोणाला फरक पडला का? आमचा कोंबडा मुंगसानं नेला. नवा आणला की तो भांडणं आवरतो, असं सासूबाई म्हणतात. खरं आहे का जी?