राम गोपाल वर्मा की मणिरत्नम? निव्वळ टॅलेंट बघितलं तर

मध्यंतर:
परवा वर्माचा सत्या, तो मुंबईतल्या गुंडांवरचा पिक्चर, परत बघितला, कितव्यांदा ते मोजणं सोडलंय. बरीच वर्षं मनात आहे ते आज लिहूनच टाकतो, निव्वळ टॅलेंटमध्ये राम गोपाल वर्मा मणिरत्नमपेक्षा मोठा दिग्दर्शक आहे. आज मणिरत्नमचं नाव आदरानं घेतात आणि वर्माचं काढलं की लोक थेट 'आग'वर (त्यानं केलेला शोलेचा फसलेला रिमेक) जातात, माहितीये मला. पण १९९८ मध्ये जाऊन बघा ना. जुलैत सत्या आला, ऑगस्टमध्ये मणिरत्नमचा दिल से. (दिल सेच्या निर्मात्यांत स्वतः वर्मापण होता, मणिरत्नम आणि शेखर कपूरसोबत.) दिल सेकडे शाहरुख, रेहमान, संतोष सिवनचा कॅमेरा, काय नव्हतं? तरी सेकंड हाफमध्ये पिक्चर हातातून निसटतो. सत्यात मोठं नाव म्हणजे उर्मिला, बाकीच्यांना तेव्हा कोण ओळखत होतं, आणि तरी भिकू म्हात्रे समुद्रासमोर ओरडतो तेव्हा आजही काटा येतो. शिवा (१९८९) केला तेव्हा हा माणूस २७ वर्षांचा होता. नंतर रंगीला, सत्या, कौन, चार वर्षांच्या आत तीन पूर्ण वेगळ्या जातीचे पिक्चर, एकाच माणसाचे आहेत हे सांगितल्याशिवाय कळणार नाही.

बाल्कनी:
साफ असहमत. सत्याच्या ११ वर्षं आधी मणिरत्नमचा नायकन आलाय, १९८७. गुंडाला घर, बायको, पोरं, म्हातारपण हे सगळं तिथं आहे, आणि बापाला जाब विचारणारी मुलगी आहे, तो सीन सत्यात कुठाय सांगा. टाइम मासिकाच्या सर्वकालीन शंभरच्या यादीत तो उगाच नाही गेला. आणि सत्या एकट्या वर्माचा नाही हो. लिहिला अनुराग कश्यप आणि सौरभ शुक्लानं, गाणी विशाल भारद्वाज-गुलजारची, बॅकग्राउंड संदीप चौटाचं. ही माणसं पांगली आणि पिक्चरही पांगले.

तिसरी घंटा:
टीमचा मुद्दा काढताय तर मग दोन्हीकडे काढा. नायकनमधून पी. सी. श्रीरामचा कॅमेरा, इलयराजा आणि तोट्टा तरणीचे सेट काढून दाखवा काय उरतं ते. माणसं हेरणं हाच दिग्दर्शकाचा निम्मा धंदा, आणि त्यात वर्माइतकी नजर मला दुसऱ्या कुणाची दिसत नाही. २००४ या एका वर्षात त्याच्या फॅक्टरीतून (म्हणजे त्याच्या निर्मिती कंपनीतून) एक हसीना थी आणि अब तक छप्पन निघाले, श्रीराम राघवन आणि शिमित अमीन, दोघांचा पहिलाच पिक्चर. मणिरत्नमनं रोजातून रेहमान दिला हे मान्य, ते एकच वजनदार आहे, पण कॅमेऱ्यामागची अख्खी पिढी वर्माची.

बाल्कनी:
नजर होती, नाही कोण म्हणतं. पण करिअर बघा की. २००७ घ्या, जानेवारीत मणिरत्नमचा गुरू आला आणि ऑगस्टमध्ये वर्माचा आग, त्याच वर्षी त्याचा निशब्दपण. गुरूनंतर मणिरत्नमही आपटलाय, रावण (२०१०) आणि कडल (२०१३) लागोपाठ. मग काय केलं त्यानं? छोटा झाला. ओके कण्मणी, दोन तरुण पोरं, लग्न नको म्हणतात, एकत्र राहतात, आणि ज्यांच्या घरी राहतात तिथली काकू हळूहळू सगळं विसरत चाललीय आणि काका तिला सांभाळतायत, एवढीच गोष्ट. साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस आहे हे वाटत नाही बघताना. तिथून पुढे सात वर्षांनी पोन्नियिन सेल्वन, कल्कींची एवढी अवाढव्य कादंबरी, आणि दोन्ही भाग तडीला नेले. तुम्ही याला शिस्त म्हणाल, मी याला टॅलेंटच म्हणतो, कारण आपलं काय चुकतंय हे ओळखायलाही नजरच लागते, आणि वर्माची नजर स्वतःकडे कधी वळलीच नाही.

मध्यंतर:
वळली, उशिरा वळली. जानेवारी २०२५ मध्ये सत्या पुन्हा थिएटरात लागला तेव्हा त्यानं स्वतःच लिहिलं की यशाची आणि अहंकाराची नशा चढली होती, पिक्चर बघताना रडू आलं. मला ते वाचून फार वाईट वाटलं खरंच. पण तुम्ही शिस्त आणि टॅलेंट एकात कालवताय हे मला पटत नाहीये. मणिरत्नमचा ठग लाइफ पडला तेव्हा कुणी म्हणालं का मणिरत्नम मुळात साधारणच होता? नाही म्हणालं, आणि म्हणायलाही नको. मग वर्माच्या पडझडीवरून मागचं सगळं का पुसायचं?

तिसरी घंटा:
हेच म्हणणार होतो. समीक्षकांचा धीरही सारखा नसतो. इरुवर १९९७ मध्ये पडला, आज लोक त्याला मणिरत्नमचा सर्वोत्तम म्हणतात, मीही म्हणतो. वर्माचा नाच तेवढ्याच धीरानं परत कुणी बघितलाय?

बाल्कनी:
नाच बघितलाय, थिएटरात, २००४ मध्येच. अंतरा माळी कुणापुढे न वाकणारी कोरिओग्राफर आणि अभिषेक मिळेल ते काम घेत वर चढणारा नट. तेव्हा लांबलेला वाटला होता. पण आता हे सगळं वाचल्यावर डोक्यात येतंय की या दोघांतला वर्मा नक्की कोणता? नायकन-सत्यावर मत बदललेलं नाही. नाच मात्र या रविवारी परत बघतो, मग बोलू.