साधेपणावरची ख्रिस्ती पुस्तके आपल्या घरांत कशी वाचावीत?

प्रश्न (सीवूड्स, नवी मुंबई)

सर्वांना सप्रेम नमस्कार. आमच्या मराठी मंडळीतील सात कुटुंबे दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कोणा एकाच्या घरी जमून पुस्तक वाचतात. या वर्षी आम्ही 'उपभोगाच्या संस्कृतीत विश्वासाने जगणे' हा विषय घेतला आणि रिचर्ड फॉस्टर या क्वेकर (साध्या राहणीवर भर देणारा एक ख्रिस्ती पंथ) लेखकाच्या १९७८ सालच्या 'सेलिब्रेशन ऑफ डिसिप्लिन'मधील साधेपणाच्या प्रकरणापासून सुरुवात केली. वस्तू प्रतिष्ठेसाठी नव्हे तर उपयोगासाठी घ्यावी, आणि जवळचे देऊन टाकण्याची सवय लावून घ्यावी, असे त्यांचे सांगणे आहे. वाचन होईपर्यंत सर्वांना ते पटत होते, मग एका ज्येष्ठ मावशींनी विचारले, "देऊन टाकण्याइतके आपल्याकडे साठले कधी?" त्यांचे अर्धे आयुष्य चाळीतील एका खोलीत गेले, मुलाने वीस वर्षांच्या कर्जावर इथे घर घेतले, आणि नवा सोफा आला तेव्हा त्यांनी पाळकांना बोलावून घरात प्रार्थना करून घेतली. तो सोफा त्यांना देवाचा उपकार वाटतो, आणि त्यात काही चूक आहे असे मला म्हणवत नाही.

पण आमच्या स्थानकालाच मॉल जोडलेला आहे. माझ्या नववीतल्या मुलाला रविवारच्या उपासनेपेक्षा परतीच्या वाटेवरची ती तासभराची भटकंती अधिक आठवते, याची मला मनापासून काळजी वाटते. ही पुस्तके भरलेल्या घरांना कंटाळलेल्या वाचकांसाठी लिहिलेली दिसतात. आमची घरे तर आत्ता कुठे भरू लागली आहेत. अशा वेळी पुढे काय वाचावे, आणि कसे?

प्रतिसाद १ (वागळे इस्टेट, ठाणे)

ताई, मावशींचा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी मी विल्यम कॅव्हनॉ या कॅथलिक धर्मशास्त्रज्ञांचे २००८ सालचे 'बीइंग कन्झ्यूम्ड' हे छोटे पुस्तक सुचवतो. उपभोगवाद म्हणजे वस्तूंना चिकटून राहणे, असे आपण धरून चालतो. लेखकाचे म्हणणे जवळजवळ उलट आहे. आजचा ग्राहक कोणत्याच वस्तूशी फार काळ जोडलेला राहत नाही; हवी असलेली वस्तू हाती आली की तिच्यातला रस ओसरतो आणि मन पुढच्या वस्तूकडे धावते. वस्तूपासून, ती घडवण्याच्या कामापासून आणि ती घडवणाऱ्या माणसांपासून आपण तुटलो आहोत, हे त्यांच्या मते खरे दुखणे आहे. असे पाहिले तर जो सोफा प्रार्थनेने घरात आला आणि जो मावशी वर्षानुवर्षे जपून वापरतील, तो त्यांना उपभोगवादी ठरवत नाही. ज्याच्या घरात सामान मोजकेच आहे, पण जो दरवर्षी फोन बदलतो, त्याने मात्र विचार करावा.

घडवणाऱ्यांपासून तुटणे म्हणजे काय, हे मला पुस्तकाआधी वडिलांमुळे कळले होते. ते इथल्याच एका कारखान्यात लेथवर काम करीत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाल्यानंतर हा परिसर यंत्रांच्या आवाजाने भरला होता. आता त्यातल्या कितीतरी शेडच्या जागी काचेची कार्यालये आहेत. बाजारात लोखंडी वस्तू दिसली की वडील तिच्या कडेवरून बोट फिरवत आणि कारागिराने घाई केली की मन लावून काम केले, ते सांगत. माझ्या मुलांना वस्तूमागचा असा माणूस दिसतच नाही. त्यांना दिसते ती किंमत आणि सवलत.

कॅव्हनॉ उत्तर शोधतात ते प्रभुभोजनात, म्हणजे उपासनेतील भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीत, आणि तिथे ते प्राचीन ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीनचा आधार घेतात. इतर अन्न आपण खातो आणि ते आपले शरीर होते. या भोजनात मात्र आपणच ख्रिस्ताच्या शरीरात सामावले जातो, म्हणून दुसऱ्याची भूक परकी राहत नाही. पहिले प्रकरण अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांच्या मुक्त बाजाराच्या विचाराशी वाद घालते, ते मंडळींना जड जाईल. दुसऱ्यापासून सुरुवात करावी.

प्रतिसाद २ (ठाणे पश्चिम)

मी कॅथलिक आहे, म्हणून पोप फ्रान्सिस यांचे २०१५ सालचे 'लाउदातो सी' हे परिपत्रक सुचवते. त्याच्या २११व्या परिच्छेदात, परवडत असूनही घर कमी तापवून उबदार कपडे घालणाऱ्या माणसाचे उदाहरण आहे. घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माणसाला ते लागू पडत नाही, हे आपल्या तक्रारीला धरूनच आहे. पण १५२वा परिच्छेद अवश्य वाचावा. स्वतःचे घर असणे माणसाच्या प्रतिष्ठेशी आणि कुटुंबाच्या वाढीशी जोडलेले आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मावशींना तो मोठ्याने वाचून दाखवावा.

प्रतिसाद ३ (नेरूळ)

पहिल्या प्रतिसादाशी मी बराच सहमत आहे, तरी आपल्याकडचा उपभोग केवळ एकट्या ग्राहकाच्या चंचल मनातून येत नाही. बाप्तिस्म्याच्या जेवणासाठी, लग्नाच्या हॉलसाठी कर्ज काढणारी कुटुंबे आपल्या मंडळ्यांत आहेत. त्यांना वस्तू नको असते. नातेवाइकांसमोर मान हवा असतो. लूकच्या चौदाव्या अध्यायात मेजवानीला परतफेड करू न शकणाऱ्यांना बोलवा, असे प्रभू सांगतो, ते मला या विषयावरचे सर्वांत अवघड वचन वाटते.

आणि आपलीच पुस्तके का वगळावीत? ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनचे पगारी काम सोडले आणि विरक्त वृत्तीने 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ उभारला, हे आपण आदराने सांगतो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचले म्हणजे कळते की टिळकांच्या हाताला पैसा ठरत नसे तेव्हा चूल पेटती ठेवण्याचा घोर बाईंना असे. पतीवर अतोनात प्रेम करूनही त्या हे लपवत नाहीत. साधेपणाचा निर्णय घरात कोण घेतो आणि त्याची झळ कोणाला लागते, हा प्रश्न मला इतर पुस्तकांत इतका जिवंत आढळला नाही. चर्चेत बायकांना आधी बोलू द्यावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. पुढच्या बैठकीत 'स्मृतिचित्रे'मधील निवडक भाग घ्यायचे आणि त्यानंतर कॅव्हनॉ यांचे दुसरे प्रकरण, असे आम्ही ठरवले आहे. १५२वा परिच्छेद मी मराठीत सांगितला तेव्हा मावशींनी तो पुन्हा सांगायला लावला, आणि बैठक आपल्याकडेच ठेवा असा आग्रह धरला. मेजवानीच्या वचनावर बोलायला दोन कुटुंबे अजून कचरतात, कारण एका घरी डिसेंबरमध्ये लग्न आहे. त्यांच्यावर दडपण येणार नाही अशा रीतीने तो विषय जानेवारीत घेऊ.

वागळे इस्टेटच्या दादांना एक विनंती आहे. त्या शनिवारी येऊन आपल्या वडिलांच्या कामाविषयी आमच्या मुलांशी अर्धा तास बोलाल का? त्यांनी स्वतः घडवलेली एखादी वस्तू घरात असेल, तर ती सोबत आणावी.