वणव्याचा धूर घरात येतोय, आईला दमा आहे, काय करू?

तीन दिवस झाले आभाळ पिवळट करडं दिसतंय, वणवा आमच्यापासून दोनशे किलोमीटर तरी लांब आहे पण धूर इथपर्यंत आलाय. आई सत्तरीची, दमा आहे. काल संध्याकाळी वास गेला म्हणून खिडक्या उघडल्या तर पहाटे तिला दोनदा पंप घ्यावा लागला, फार घाबरलो. ओला रुमाल बांधला तर चालेल का?

प्रतिसाद १
रुमाल नको, ओला असो की कोरडा. त्रास देणारे कण २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक असतात, कापडातून आरपार जातात. बाहेर पडावंच लागलं तर एन९५ मास्क, नाकावरची पट्टी दाबून, कडेने हवा शिरता कामा नये. आणि अंतराचं म्हणशील तर २०२३ च्या जूनमध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर पार न्यूयॉर्कपर्यंत गेला होता, भरदिवसा आकाश केशरी झालेलं.

प्रतिसाद २
वासावर जाऊ नकोस रे, नाक सरावतं. रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वरचा उबदार थर झाकणासारखा बसतो आणि धूर खालीच कोंडतो, पहाटेचा त्रास बहुतेक त्यातलाच. पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या त्याच बारीक कणांचा आकडा बघून खिडकी उघड, पण ॲप आत्ताचा आकडा दाखवतंय की २४ तासांची सरासरी ते आधी तपास, सरासरीवर विसंबलास तर फसशील. डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) हिशेबाने दिवसाची सरासरी दर घनमीटर हवेत १५ मायक्रोग्रॅमच्या आत हवी.
सगळं घर बंद करणं जमत नाही, त्यापेक्षा आईची एकच खोली धर. फटी बुजव, हेपा फिल्टरवाला (बारीक कण अडवणारा) प्युरिफायर तिथेच चालू ठेव, ओझोन सोडणारा मात्र अजिबात घेऊ नको, दम्याला तो वाईटच. मेणबत्तीसुद्धा पेटवू नका, झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा.

प्रतिसाद ३
वरचं सगळं बरोबर, फक्त उकाडा असेल आणि एसी नसेल तर म्हाताऱ्या माणसाला बंद खोलीत ठेवू नका, उष्णतेनेही जीवावर बेततं. अशा वेळी एसी असलेल्या ओळखीच्यांकडे हलवा. पंप घेऊनही आराम पडत नसेल, बोलताना धाप लागत असेल किंवा ओठ निळसर दिसले तर वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल.

मूळ प्रश्नकर्ता
थँक्यू सगळ्यांना. ॲप २४ तासांचाच आकडा दाखवत होतं, मी त्यावरच विसंबलो होतो. आईची खोली आत्ताच बंद केली, तिच्या डॉक्टरांनाही फोन करतोय.