अतारांकित प्रश्नांचं मोल

संसदेतल्या अतारांकित प्रश्नांना (ज्यांचं उत्तर फक्त लेखी मिळतं) दिलेली उत्तरं म्हणजे नुसते कागद काळे करणं, असं काही जण म्हणतात. मला अजिबात पटत नाही. लोकसभेत दिवसाला तारांकित प्रश्न (ज्यांचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचं असतं) जास्तीत जास्त २०, आणि त्यातलेही मोजकेच तोंडी उत्तरापर्यंत पोचतात. अतारांकित मात्र २३०! खात्याकडून आकडे बाहेर काढायचे ते इथेच. उपप्रश्न विचारता येत नाहीत, ही उणीव आहेच.

‘माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’ हे लेखी उत्तरातलं वाक्य वाचून आपण चिडतो. पण ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पुरं करावं लागतं आणि शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. खासदारांनी तिथे चिकाटी दाखवायला हवी. दुर्दैवाने बरेच जण उत्तर आलं की विषय सोडून देतात.