मदत हवी आहे : स्तनाच्या गाठीच्या कोणत्या चाचणीवरून केमोथेरपीचा निर्णय घ्यावा?

नाशिक येथे राहणाऱ्या माझ्या ५८ वर्षांच्या मावशीची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे. गाठ २.२ सेंटीमीटर, ग्रेड २ (मध्यम), ईआर व पीआर (इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे ग्राही) पॉझिटिव्ह, हर-२ (पेशींची वाढ वाढवणारे प्रथिन) निगेटिव्ह असून काखेतील गाठींत प्रसार आढळलेला नाही. पाळी थांबून बरीच वर्षे झाली आहेत. हार्मोनच्या गोळ्या द्यायच्या हे ठरले आहे, प्रश्न फक्त केमोथेरपीचा आहे.

तो ठरवण्यासाठी डॉक्टरांनी गाठीच्या चाचणीचे दोन पर्याय सांगितले. ऑन्कोटाइप डीएक्स ही २१ जनुकांची चाचणी असून तिचा नमुना अमेरिकेत जातो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेलरएक्स अभ्यासानुसार, अशाच प्रकारच्या कर्करोगात काखेत प्रसार नसलेल्या ५० वर्षांवरील स्त्रियांना, या चाचणीचा गुणांक २५ पर्यंत असल्यास, केमोथेरपीचा लक्षणीय फायदा होत नाही. दुसरी, बंगळुरू येथे विकसित झालेली कॅनअसिस्ट ब्रेस्ट, पाच प्रथिने तपासते आणि खर्चाने पुष्कळ कमी आहे. मात्र माझ्या वाचनानुसार ती मुख्यतः आजार उलटण्याचा धोका सांगते, आणि केमोथेरपीचा उपयोग होईल का, हा प्रश्न माझ्या मते त्याहून वेगळा आहे. जिवंत पेशींवर औषधे तपासून पाहण्याचा सल्लाही एका परिचितांनी दिला, परंतु सर्व ऊतक फॉर्मॅलिनमध्ये (ज्या द्रावणात पेशी जिवंत राहत नाहीत) ठेवले गेल्याने तो मार्ग उरलेला नाही.

पॅराफिन ब्लॉक (मेणात जतन केलेला गाठीचा नमुना) रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सुरक्षित आहे. आरोग्य विमा नाही आणि निर्णय लांबवणे शक्य नाही. अशा स्थितीत कॅनअसिस्टचा 'कमी धोका' हा अहवाल आल्यावर तुमच्या डॉक्टरांनी केवळ त्याच्या आधारे केमोथेरपी टाळली का, की ऑन्कोटाइपही करून घेण्यास सांगितले?