शब्दचर्चा : ‘लोकसहभाग’, ‘सावड’ आणि ‘पाणी पंचायत’

कोथरूडकर : पाणी, कचरा, बांधबंदिस्ती ही कामं सरकारवर न सोडता लोक आपखुशीने चालवतात, त्याला नेमका शब्द कोणता? भाषांतरांत सर्रास ‘लोकसहभाग’ दिसतो.

कऱ्हाकाठ : तो नको. लोकसहभागात योजना दुसऱ्याची असते, लोक हातभार लावतात. श्रमाच्या देवाणघेवाणीला जुने शब्द आहेत. सावडीत फेड असते : आज तुमचं औत माझ्या रानात, परवा माझं तुमच्या. इर्जिकीत फेड धरत नाहीत, ज्याचं शेत त्याने जेवू घालायचं. दोन सोसायट्यांनी आळीपाळीने एकमेकींच्या टाक्या धुतल्या तर ती सावडच.

घोडखोरे : यात ‘पडकई’ घाला. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरपट्ट्यात उतारावर दगडी बांध घालून भातखाचरं काढतात. गट आज एकाच्या रानात, मग दुसऱ्याच्या. पुढे याच नावाची सरकारी योजना आली, त्यामुळे ‘पडकई मंजूर झाली’ असं वाक्य शक्य झालं. संदर्भ पाहूनच वापरा.

कोथरूडकर : आणि ‘पाणी पंचायत’? पंचायत म्हटलं की ग्रामपंचायत डोळ्यांपुढे येते.

कऱ्हाकाठ : इथे पंच म्हणजे गटाने नेमलेले, निवडणूक आयोगाचा संबंध नाही. पुण्यातच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ आहे, 1993 पासून. ती तर कचरावेचकांची संघटना. पाणी पंचायत, म्हणजे पाणी वाटून घेणारा शेतकऱ्यांचा गट, विलासराव साळुंखे यांनी पुरंदरमधल्या नायगावला 1972 च्या दुष्काळानंतर उभी केली. पाणी जमिनीच्या हिशेबाने नव्हे, माणशी : माणसामागे अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. तीन माणसांच्या घराला दीड एकराचं, सात माणसांच्या घराला साडेतीनाचं नाही, अडीचाचंच. वीस एकरवाल्यालाही तेवढंच. भूमिहीनालाही हक्क, जमीन विकली तरी पाणी सोबत जात नाही, ऊस बंद. ऊस का, तर तो बाराही महिने पाणी मागतो. दोघांनी लावला की बाकीच्यांची पाळी लांबते आणि माणशी हिशेब कागदावर राहतो.

मात्र ‘सरकारविना’ लिहू नका. उपसा योजनेच्या खर्चात 20 टक्के शेतकऱ्यांचे, 50 टक्के सरकारी अनुदान, उरलेले 30 टक्के साळुंखे यांच्या संस्थेचं बिनव्याजी कर्ज, अशी मांडणी होती. ‘पाणी वापर संस्था’ हा आणखी वेगळा प्रकार, ती शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या 2005 च्या कायद्याखाली येते. दोन्ही शब्द एकाच परिच्छेदात अदलून-बदलून वापरणं हा सर्वांत जास्त दिसणारा घोळ.

शब्दपारखी : पैशाचे शब्दही तपासा. वर्गणी नाकारता येते (गणपतीची नाकारून पाहा, तो भाग निराळा). पट्टी डोईवर वा घरटी बसते : पाणीपट्टी पालिकेची, जत्रेची पट्टी गावाची, दुसरीला कायदा नाही, पण चुकवली तर गाव विचारतं. शुल्क सेवेच्या बदल्यात. ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा उचलते आणि घरटी पैसे घेते. तिथे ‘वर्गणी’ लिहिलं तर कामाचा मोबदला दानासारखा वाटेल.

कोथरूडकर : मग सगळ्यांना मिळून ‘स्वेच्छा व्यवस्था’?

कऱ्हाकाठ : स्वेच्छा आत येण्यापुरती, आत आल्यावर नियम बांधतो. धुळे-नाशिककडची फड पद्धत घ्या. एका बंधाऱ्याखालची जमीन सहसा तीन-चार फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. मधल्याला दुसरं पीक घ्यायची मुभा नाही, कारण पाटकरी (पाटाचं पाणी सोडणारा) पाळी फडाला देतो, शेतकऱ्याला नाही. पाटाचा गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा. पुढे वर धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याला त्याला आपलं पाणी मिळालं आणि पाळी पाळायची गरज उरली नाही. म्हणजे अशी व्यवस्था नुसत्या स्वेच्छेवर चालत नाही. तेव्हा ‘सामाईक व्यवस्था’ लिहा, आणि कोण आपखुशीने आलं ते वेगळ्या वाक्यात.

शब्दपारखी : ‘सामाईक’ चालेल. सातबाऱ्यावरच्या सामाईक विहिरीमुळे वाचकाला तो ओळखीचाही आहे.