मदत हवी आहे: बाळाची एचआयव्हीची पीसीआर निगेटिव्ह, अँटीबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह. खरं काय धरायचं?

नमस्कार. प्रश्न धाकट्या बहिणीच्या बाळाचा आहे. घरात मोजक्यांनाच माहीत आहे, म्हणून इथे विचारतेय.

बहिणीला गरोदरपणातल्या तपासणीत एचआयव्ही निघाला. लगेच एआरटी (एचआयव्ही दाबून ठेवणारे औषधोपचार) सुरू झाली, रोज एक गोळी, डोल्युटेग्राविरवाली. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या उपाशीपोटी त्या गोळीसोबत घेतल्या तर औषध नीट शोषलं जात नाही, म्हणून तिने वेळा काटेकोर सांभाळल्या. बाळंतपणाआधी व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) इतका कमी की तपासणीत सापडलाच नाही. बाळाला लागण होऊ नये म्हणून सहा आठवडे नेव्हिरापिनचं सिरप दिलं. सहाव्या आठवड्यात टाचेला टोचून कागदावर रक्ताचे ठिपके घेतले, ती पीसीआर निगेटिव्ह आली. सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही.

आता बाळ सात महिन्यांचं आहे. भावजींना राहवेना, त्यांनी परस्पर साधी अँटीबॉडी टेस्ट करून आणली. पॉझिटिव्ह! ते म्हणतात, आजच दूध तोडा. बहिणीचं रडणं थांबत नाही. काय करू?

प्रतिसाद १: ताई, दोन्ही रिपोर्ट बरोबर असू शकतात. आईच्या अँटीबॉडी (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) नाळेतून बाळात येतात आणि अठरा महिन्यांपर्यंत टिकू शकतात. त्यामुळे या वयात त्या टेस्टवरून बाळाला लागण झाली की नाही हे ठरत नाही. पीसीआर थेट विषाणू शोधते. पण त्या पीसीआरनंतरही बाळ अंगावर पितंय, तेव्हा जुन्या रिपोर्टवर निर्धास्त राहू नका. लगेच एआरटी केंद्रात जाऊन पीसीआर पुन्हा करा. चालढकल नको: लागण झालेल्या आणि उपचार न मिळालेल्या बाळांपैकी जवळपास निम्मी दोन वर्षांच्या आत दगावतात. वेळेत औषध सुरू झालं तर चित्र पार वेगळं असतं.

प्रतिसाद २: वरच्यांशी सहमत. दूध मात्र एकदम तोडू नका. छाती दाटून येते, शिवाय दुधातला विषाणू वाढू शकतो. थांबवायचंच ठरलं तर महिनाभरात हळूहळू. आई गोळ्या नियमित घेत असेल तर वरच्या अन्नासोबत दूध वर्षभर आणि पुढेही चालतं. धोका शून्य नसतो, पण फार कमी असतो. बहिणीचाही व्हायरल लोड आत्ता करून घ्या, खरा निर्णय त्यावर आहे. आणि बाळाचं कोट्रायमॉक्साझोल (इतर जंतुसंसर्ग टाळण्याचं औषध) चालू आहे ना? ते मनाने बंद करू नका. पीसीआर निगेटिव्ह आली तरी शेवटची तपासणी अठराव्या महिन्यात किंवा दूध सुटल्यावर तीन महिन्यांनी, जे नंतर येईल तेव्हा. भावजींनाही केंद्रात सोबत न्या, समुपदेशकाकडून ऐकलेलं त्यांना जास्त पटेल.